थर्मामीटरवर ‘लो’, ‘हाय’ किंवा ‘एरर’ आला तर काय करायचं

थर्मामीटर चालू केल्यावर पडद्यावर ‘लो’ लुकलुकायला लागतं आणि पहिला विचार येतो तो ‘बिघडला’ हाच. खरं तर त्या क्षणी तो अगदी ठणठणीत असतो. जिभेखाली किंवा काखेत लावायचे बहुतेक डिजिटल थर्मामीटर साधारण ३२ ते ४२.९ अंश सेल्सिअस एवढ्याच टप्प्यात आकडा दाखवतात, फॅरेनहाइटमध्ये ८९.६ ते १०९.२. खोली ३२ अंशांपेक्षा थंड असेल तर टोक अजून या टप्प्यात आलेलंच नसतं. तेव्हाचं ‘लो’ म्हणजे ‘मी तयार आहे, लावा’ एवढंच. तेच ‘लो’ तोंडात तीन मिनिटं ठेवूनही हटलं नाही, तर मात्र काहीतरी चुकलंय. म्हणून कोड कोणता आला याच्या आधी तो कधी आला हे बघायचं: चालू करताना, मोजताना, की मोजून झाल्यावर.

पडद्यावर हे कोड इंग्रजी अक्षरांत येतात. ‘लो’ बऱ्याचदा नुसतं ‘एल’ असतं, ‘हाय’ नुसतं ‘एच’ असतं, आणि ‘एरर’ कधी ‘ईआर’, कधी ‘ई’ अक्षरापुढे १, २, ३ असे आकडे लावून येतो. ‘लो’ आणि ‘हाय’ यांचा अर्थ जवळजवळ सगळीकडे सारखा आहे. ‘ई’पुढच्या आकड्यांचं तसं नाही, ते उत्पादकागणिक बदलतात. त्यामुळे डबीतलं माहितीपत्रक जपून ठेवा. हरवलं असेल तर थर्मामीटरच्या मागच्या बाजूला छापलेला मॉडेल क्रमांक बघून उत्पादकाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. खालची कारणं मात्र यंत्राच्या रचनेतूनच येतात, त्यामुळे कोड कसाही लिहिलेला असो, ती लागू पडतात.

आधी माणूस, मग यंत्र

कोड दिसला की लक्ष आपोआप यंत्राकडे जातं. तिथेच वेळ जातो आणि आजारी माणूस बाजूला राहतो. सेल काढण्याआधी त्याच्याकडे एकदा नीट बघा. नीट जागा आहे का, बोलण्यात सुसूत्रता आहे का, श्वास कसा चाललाय, छाती-पोट गार लागतंय की भाजल्यासारखं गरम?

‘लो’ हे उत्तर खरंही असू शकतं. शरीराचं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं तरी ती धोक्याची अवस्था असते, आणि थर्मामीटर ‘लो’ दाखवतो तो त्याच्याही बराच खाली, ३२ च्या आत. भिजून गारठलेला, अर्धवट ग्लानीत गेलेला माणूस किंवा अंग गार पडलेलं, दूध न ओढणारं तान्हं बाळ समोर असताना ‘लो’ आला तर यंत्राला दोष देत बसू नका. अंग कोरडं करून पांघरुणात गुंडाळा, बाळाला उघड्या छातीशी धरा आणि लगेच वैद्यकीय मदत मिळवा. उलट बाजूला, उन्हात राबून कोसळलेल्या, असंबद्ध बोलणाऱ्या माणसाच्या थर्मामीटरवर ‘हाय’ आला तर तोही खरा मानून अंगावर पाणी मारायला, वारा घालायला सुरुवात करा आणि मदत बोलवा. पुन्हा मोजायचं काम नंतर.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचं तापमान ३८ अंश, म्हणजे १००.४ फॅरेनहाइट किंवा जास्त आलं, तर बाकी बाळ बरं दिसत असलं तरी डॉक्टरांशी लगेच बोलायचं. या वयात थर्मामीटर अडखळत असेल तर तो दुरुस्त होईपर्यंत थांबू नका.

चालू होतानाचे ते चार-पाच सेकंद

बटण दाबल्यावर थर्मामीटर क्षणभर सगळे आकडे आणि सगळी चिन्हं एकदम उजळवतो. बहुतेकांवर तेव्हा १८८.८ दिसतं. हा ताप नव्हे, ही पडद्याची चाचणी आहे आणि ती डोळे उघडे ठेवून बघण्यासारखी आहे. पडद्यावरचा इंग्रजी आठ सात छोट्या दांड्यांचा बनलेला असतो. त्यातली वरची उजवी दांडी मेली की आठाचा सहा होतो. म्हणजे ३८.४ ताप असलेलं मूल ३६.४ वर आहे असं दिसणार, आणि कुठलाही एरर येणार नाही. मधली आडवी दांडी गेली तर आठाचं शून्य होतं, खालची डावी गेली तर नऊ. म्हणून १८८.८ मधला प्रत्येक आठ पूर्ण आहे ना हे दर वेळी बघा. एखादी दांडी फिकी असेल तर आधी सेल बदला. नवा सेल घालूनही ती उजळत नसेल, तर पडदा आणि आतली पट्टी यांच्यातला संपर्क गेलेला आहे, आणि असा थर्मामीटर वापरायचा नाही.

चाचणीनंतर बऱ्याच मॉडेलांमध्ये मागच्या वेळचं माप एक-दोन सेकंद दिसतं, शेजारी ‘एम’ अक्षर असतं. घाईत हाच आकडा आजचा म्हणून वहीत लिहिला जातो. ‘एम’ आहे तोवर आकड्याकडे दुर्लक्ष करा.

त्यानंतर अंशाचं चिन्ह लुकलुकतं आणि शेजारी ‘लो’ येतं. खोली ३२ अंशांपेक्षा गरम असेल तर ‘लो’ऐवजी सरळ खोलीचाच आकडा दिसेल, समजा ३४.२. हाही बिघाड नाही. फक्त अशा वेळी मोजमाप सुरू करण्याआधी टोक कशाला चिकटून गरम झालेलं नाही ना एवढं बघा, कारण हे थर्मामीटर सहसा पाहिलेला सर्वांत मोठा आकडा धरून ठेवतात. टोक आधीच ३९ वर असेल तर अंगाचं ३७ त्याला दिसणारच नाही.

‘लो’ हटतच नाही

यात दहातल्या आठ-नऊ वेळा चूक लावण्यात असते असं गृहीत धरून सुरुवात करा. टोक काखेच्या खोलगट मध्यावर टेकायला हवं. ते पुढे सरकून कपड्याला किंवा हवेला लागलं की आकडा चढतच नाही. काख घामेजलेली असेल तर आधी कोरडी पुसा, दंड अंगाशी घट्ट दाबून ठेवा, आणि नुकताच हात वर करून बसलेला माणूस असेल तर काख मिटून चार-पाच मिनिटं थांबा, मगच टोक आत सरकवा. काखेत बीप वाजल्यावरही थर्मामीटर काढायची घाई करू नये. बीप म्हणजे ‘गेल्या काही सेकंदांत आकडा फारसा वाढला नाही’ एवढंच. काखेत त्वचा सावकाश तापते, त्यामुळे आकडा मध्येच थबकतो आणि पुन्हा चढतो. एकूण पाच मिनिटं ठेवलेलं माप भरवशाचं.

तोंडात मोजताना टोक जिभेच्या मधोमध समोर ठेवण्यापेक्षा जिभेच्या मुळाशी, उजव्या किंवा डाव्या बाजूच्या खोबणीत न्या. ओठ मिटलेले हवेत, श्वास नाकाने. नाक चोंदलेलं असेल आणि माणूस तोंडाने श्वास घेत असेल तर तोंडातलं माप सोडून द्या, काखेत घ्या. काही गरम-गार खाल्लं-प्यायलं असेल तर निदान पंधरा मिनिटं, जमल्यास अर्धा तास थांबा.

जागा बरोबर, वेळ पुरेसा, तरी ‘लो’ कायम. मग यंत्राची परीक्षा घ्या. घरातल्या धडधाकट मोठ्या माणसाच्या जिभेखाली तीन मिनिटं ठेवा. मुठीत धरून बघू नका, बोटांची त्वचा बऱ्याचदा ३२ च्या आसपासच असते आणि त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. निरोगी माणसाच्या तोंडातही ‘लो’ राहिलं तर टोकाकडे जाणारी तार तुटलेली आहे, असं जवळजवळ खात्रीने म्हणता येतं.

याचं कारण टोकात दडलेलं आहे. चकचकीत धातूच्या टोपीखाली मोहरीएवढा थर्मिस्टर बसवलेला असतो. तो तापला की त्याचा विद्युतरोध कमी होतो, दर अंशामागे साधारण चार टक्के. आतली चिप तो रोध मोजते आणि अंशांत बदलते. तार तुटली की रोध अमर्याद होतो, आणि चिपच्या लेखी फार मोठा रोध म्हणजे फार थंड. म्हणून ‘लो’. लवचिक टोकाच्या मॉडेलांमध्ये तार तुटते ती वाकण्याच्या जागी. टोक अलगद डावी-उजवीकडे वाकवून बघा. मध्येच आकडा येत-जात असेल तर निदान पक्कं. ही तार घरी जोडायच्या फंदात पडू नका. ०.१ अंश म्हणजे रोधात अवघ्या ०.४ टक्क्याचा फरक, त्यामुळे डाग देऊन जोडलेला थर्मामीटर आकडा दाखवेल, पण तो बरोबर असेलच असं नाही. तोंडात जाणारं टोक एकदा उघडलं की त्याचं पाणी रोखणारं सीलही गेलं.

‘हाय’, आणि तोही टेबलावर

अंगाला न लावताच ‘हाय’ दिसत असेल तर आधी आठवा, थर्मामीटर कुठे ठेवला होता? बंद गाडीत, खिडकीच्या उन्हात, दिव्याजवळ, की नुकताच गरम पाण्याने धुतला? बंद करून सावलीत अर्धा तास ठेवा. संपर्काने मोजणाऱ्या थर्मामीटरचं टोक दोन-चार मिनिटांतही निवतं, पण आतली चिप आणि प्लॅस्टिकचं अंग निवायला वेळ लागतो, आणि बहुतेक यंत्रं १० ते ४० अंशांच्या खोलीतच नीट चालतील अशी बनवलेली असतात.

निवल्यावरही ‘हाय’ किंवा अंगाशी अजिबात न जुळणारा मोठा आकडा येत असेल तर आत ओल शिरली आहे. वर सांगितलेलंच गणित उलट लागतं: दोन तारांमध्ये पाणी आलं की वीज आडवाटेने जाते, रोध कमी भासतो, आणि कमी रोध म्हणजे गरम. तारा एकमेकींना पूर्ण टेकल्या तर ‘हाय’ किंवा ‘एरर’ येतो. थोडी ओल असेल तर फसगत जास्त, कारण यंत्र खोटा पण पटण्याजोगा ताप दाखवतं. सेल काढा, झाकण उघडं ठेवा, टोक खाली करून हवेशीर कोरड्या जागी एक-दोन दिवस उभा ठेवा. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा, चूल, ऊन यांपैकी काहीही नको. प्लॅस्टिक आणि गोंद दोन्ही सैल होतात. वाळल्यावर पुढे दिलेली पाण्यातली तुलना केल्याशिवाय तो पुन्हा वापरात आणू नका.

‘एरर’ आणि सेलची भानगड

संपर्काने मोजणाऱ्या थर्मामीटरवर नुसता ‘एरर’ आला, तर आतल्या चिपला स्वतःची चाचणी जमलेली नाही. थर्मिस्टरकडून आलेला रोध शक्यतेबाहेरचा आहे, किंवा चिपला विजेचा पुरेसा दाब (व्होल्टेज) मिळत नाही. दुसरं कारण जास्त वेळा सापडतं आणि ते दोन मिनिटांत तपासता येतं, म्हणून नेहमी सेलपासून सुरुवात.

जिभेखाली-काखेत लावायच्या बहुतेक थर्मामीटरांत एलआर-४१ हा बटणासारखा सेल असतो, व्यास ७.९ मिलिमीटर आणि जाडी ३.६. वेष्टनावर तोच सेल एजी-३ किंवा ३९२ या नावांनीही मिळतो. एसआर-४१ त्याच मापाचा, पण सिल्व्हर ऑक्साइडचा. तोही चालतो आणि शेवटपर्यंत दाब जास्त स्थिर ठेवतो, त्यामुळे मिळाला तर तोच घ्यावा. जाडी किंवा व्यास जवळपास सारखा असलेला दुसरा सेल दाबून बसवू नका, सेलला टेकणारी धातूची पत्ती वाकते आणि मग बरोबर मापाचा सेलही टेकेनासा होतो.

झाकण सरकवून किंवा छोटा स्क्रू काढून उघडा. आधी जुना सेल कुठल्या बाजूने बसलाय हे बघून ठेवा. सहसा अधिकची बाजू, म्हणजे सपाट आणि खूण कोरलेली, वर असते. सेल लाकडी काडीने उचका. धातूच्या चिमट्याने दोन्ही बाजू एकदम धरल्या तर सेलच्या दोन्ही बाजू थेट जोडल्या जातात (शॉर्ट होतो) आणि नवा असला तरी उतरतो. मल्टिमीटर, म्हणजे विजेचा दाब मोजायचं यंत्र, असेल तर मोजा: नवा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो, १.४ च्या खाली आलेला सेल बदलायचा. बीप क्षीण झाला, पडदा फिका पडला, मोजता मोजता यंत्र बंद पडलं किंवा बीप वाजताक्षणी ‘एरर’ आला, ही सगळी संपत आलेल्या सेलची लक्षणं. शेवटच्या लक्षणाचं कारण साधं आहे: भोंगा वाजवायला सर्वांत जास्त वीज लागते, थकलेल्या सेलचा दाब त्या क्षणी कोसळतो आणि चिप गोंधळते.

नवा सेल बोटांनी हाताळलात तर कोरड्या कापडाने दोन्ही बाजू पुसून मगच बसवा, बोटांचा तेलकटपणा संपर्कात येतो. आत पांढरट किंवा हिरवट पूड दिसली तर सेल गळलेला आहे. अल्कलाइन सेलमधून गळतं ते क्षारीय असतं, म्हणून कापूस गुंडाळलेल्या काडीवर अगदी थेंबभर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पत्ती पुसा, मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि पूर्ण कोरडं होईपर्यंत सेल घालू नका. पत्ती दबली असेल तर काडीनेच केसभर वर उचला. सेल काढून ठेवलेल्या या वेळात बटण चार-पाच वेळा दाबा. आत उरलेली वीज निघून जाते आणि चिप नव्याने सुरू होते. नवा सेल, स्वच्छ पत्ती आणि तरीही प्रत्येक वेळी ‘एरर’ असेल तर बिघाड टोकात किंवा चिपमध्ये आहे, आणि त्यावर घरगुती उपाय नाही.

हे काम करताना लहान मूल आसपास असेल तर जुना आणि नवा, दोन्ही सेल सतत नजरेसमोर हवेत. गिळलेला बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजू शकतो, चपटे मोठे लिथियम सेल त्यात सर्वांत घातक. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, सरळ रुग्णालय गाठा.

कपाळावर धरायचा आणि कानात घालायचा थर्मामीटर

इन्फ्रारेड थर्मामीटरमध्ये कोड जास्त असतात, कारण तिथे चुकायच्या जागाही जास्त. हे यंत्र त्वचेला शिवत नाही. त्वचेतून निघणारी उष्णता भिंगातून आतल्या संवेदकावर पडते, आणि संवेदकाला कळतो तो फक्त फरक: समोरची त्वचा माझ्यापेक्षा किती गरम? स्वतःचं तापमान मोजायला आत आणखी एक थर्मिस्टर असतो. दोन्हींची बेरीज म्हणजे पडद्यावरचा आकडा. यावरून लक्षात येईल की यंत्र स्वतःच तापत किंवा निवत असेल तर अख्खा हिशेब ढासळतो.

बऱ्याच मॉडेलांमध्ये कोडांची मांडणी साधारण अशी सापडते. ‘ई १’: यंत्राची स्वतःची चाचणी संपायच्या आत बटण दाबलं गेलं, तयार असल्याचं चिन्ह येईपर्यंत थांबून पुन्हा मोजा. ‘ई २’: सभोवतालचं तापमान झपाट्याने बदलतंय. ‘ई ३’: खोली यंत्राच्या मर्यादेबाहेर, सहसा १० अंशांच्या खाली किंवा ४० च्या वर. ‘ई ५’ ते ‘ई ९’: आतला बिघाड, सेल काढून मिनिटभर थांबा, पुन्हा घाला, आणि तोच कोड परत आला तर दुरुस्तीला द्या. काही मॉडेलांवर ‘ए’ अक्षराला जोडून ‘एल’ किंवा ‘एच’ येतं. तिथे बोलणं खोलीबद्दल आहे, खोली फार थंड किंवा फार गरम. आजारी माणसाबद्दलच्या ‘लो’-‘हाय’शी याची गल्लत करू नका. मात्र माहितीपत्रकात वेगळा अर्थ दिला असेल तर तोच धरायचा.

‘ई २’ला एकच औषध आहे आणि ते कुणालाच आवडत नाही: वाट बघणं. थर्मामीटर आणि माणूस दोघंही एकाच खोलीत तीस मिनिटं असायला हवेत. यंत्र खिशातून काढून, थंड कपाटातून काढून किंवा बाहेरून आणून लगेच कपाळावर धरलं की कोड येतो. नशीब वाईट असेल तर कोडही येत नाही, नुसता चुकीचा आकडा येतो. पंख्याच्या किंवा एसीच्या थेट झोतात मोजू नका. यंत्र मुठीत घट्ट धरून बसू नका, हाताच्या उबेनेही ते असमान तापतं.

कपाळ कोरडं हवं, केस बाजूला, टोपी काढून पंधरा मिनिटं झालेली, ओल्या कपड्याच्या पट्टीनंतर तर अजिबात लगेच नाही. अंतर माहितीपत्रकात दिलेलं तेच. पुष्कळांचं १ ते ५ सेंटिमीटर असतं, काहींना टेकवावंच लागतं. यंत्र फार लांब धरलं की भिंगाच्या नजरेत कपाळाबरोबर मागची भिंतही येते, आणि ‘लो’ दिसतं.

‘लो’ किंवा ३२-३४ असा विचित्र आकडा येण्याचं आणखी एक कारण: यंत्र ‘शरीर’ऐवजी ‘वस्तू’ या पर्यायावर गेलेलं असतं. दुधाची बाटली मोजायला कुणीतरी बटण सरकवतं आणि तसंच ठेवतं. वस्तूच्या पर्यायात कपाळाच्या कातडीचं खरं तापमान दिसतं, आणि ते शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा काही अंशांनी कमीच असतं. पडद्यावरचं माणसाचं छोटं चित्र बघून खात्री करा. मेनूत आकडा थोडा वर-खाली सरकवायची सोय असेल, तर ती शून्यावर आहे ना हेही बघून ठेवा. आजच्या आकड्याला जुळवण्यासाठी ती कधीही वापरू नका.

भिंग हा या यंत्राचा डोळा. त्यावर बोट लागलं की तेलाचा थर बसतो आणि आकडा खाली येतो. कापसाची काडी ७० टक्के अल्कोहोलमध्ये जेमतेम ओलसर करून मधून बाहेर अशी गोल फिरवा, कोरड्या काडीने टिपा, आणि निदान दहा मिनिटं मोजू नका. उडून जाणारं अल्कोहोल भिंग थंड करतं, पुसल्या पुसल्या घेतलेलं माप हमखास कमी येतं. फुंकर मारून साफ करणं तर टाळाच, वाफ धरते.

कानाच्या थर्मामीटरचा नळीच्या टोकाचा पारदर्शक टोपण बसला नाही किंवा फाटला तर काही मॉडेलं कोड देतात, काही गप्प राहतात. टोपण त्या मॉडेलचाच हवा आणि दर माणसामागे नवा. मोठ्यांचा कान वर आणि मागे ओढा, वर्षाच्या आतल्या बाळाचा सरळ मागे. नाहीतर थर्मामीटरची नळी कानाच्या पडद्याकडे न बघता कानाच्या भिंतीकडे बघते. कानात मळ साचला असेल, किंवा माणूस त्याच कानावर झोपून उठला असेल, तर आकडा विश्वासाचा नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला हा प्रकार सहसा सुचवला जात नाही, त्यांच्या कानाची नळी फार अरुंद असते.

सेलबद्दल एवढंच: इन्फ्रारेड यंत्रांत बहुधा दोन ‘ट्रिपल ए’ सेल असतात. पुन्हा चार्ज होणारे १.२ व्होल्टचे सेल घातले तर ते भरलेले असतानाही ‘सेल संपला’चं चिन्ह येऊ शकतं. दोन्ही सेल एकाच वेळी, एकाच प्रकारचे बदला.

कोड नाही, पण आकडा पटत नाही

खरी काळजी करायची ती इथे. कोड देणारा थर्मामीटर निदान सांगतो तरी की आकडा मिळालेला नाही. गुपचूप दीड अंश कमी दाखवणारा काहीच सांगत नाही. अंग चटका लागेल इतकं गरम आणि पडद्यावर ३६.८, असं दिसलं तर एकदा पुन्हा मोजा, टोक निवू देऊन, जागा तीच ठेवून. दोन मापांत ०.२ अंशांपर्यंत फरक चालतो. जास्त असेल तर तिसरं घ्या आणि त्यातलं सर्वांत मोठं सोडून देण्याचा मोह टाळा, कारण टोक नीट न लागण्याने माप कमी येतं, जास्त नव्हे.

काखेतलं माप तोंडातल्यापेक्षा आणि तोंडातलं गुदद्वारातल्यापेक्षा कमी येतं, साधारण अर्ध्या अंशाच्या आसपास. सकाळी काखेत आणि रात्री तोंडात मोजून ‘ताप वाढला’ असं म्हणता येत नाही. वहीत आकड्याबरोबर जागा आणि वेळ लिहा. स्वतः हिशेब करून अर्धा अंश मिळवून लिहू नका, डॉक्टर तो विचार करतात. एककाकडेही लक्ष हवं. बंद असताना बटण काही सेकंद दाबून धरलं की पुष्कळ मॉडेलं सेल्सिअसवरून फॅरेनहाइटवर जातात, आणि मुलांच्या हातात हे सहज होतं. ३७ म्हणजे ९८.६, ३८ म्हणजे १००.४, ३९ म्हणजे १०२.२, ४० म्हणजे १०४.

संपर्काचा थर्मामीटर पाण्यात टाकता येईल असं त्यावर लिहिलेलं असेल तर घरी तुलना करता येते. बर्फाच्या पाण्याचा उपयोग नाही, ते ३२ च्या खाली असल्याने नुसतं ‘लो’ येईल. जाड भिंतीच्या मोठ्या भांड्यात ३८ च्या आसपासचं पाणी घ्या, निदान एक लिटर, म्हणजे ते लवकर निवणार नाही. भरवशाचा दुसरा थर्मामीटर आणि हा, दोघांची टोकं रबराने एकत्र बांधा म्हणजे ती अगदी शेजारी राहतील. पडदा पाण्याबाहेर, टोकं सारख्याच खोलीवर. पाणी सतत हलवत दोन मिनिटांनी दोन्ही आकडे एकदम वाचा. बहुतेकांची छापील अचूकता ताप येतो त्या टप्प्यात ०.१ अंश असते, म्हणजे दोघांत ०.२ पर्यंत फरक निघाला तर दोघंही बरोबर असू शकतात. ०.३ किंवा जास्त निघाला तर पाणी बदलून पुन्हा एकदा बघा. तरीही तेवढाच फरक असेल तर कोणता खोटा हे दोघांवरून ठरत नाही, तिसरा हवा. इन्फ्रारेड थर्मामीटरची अशी पाण्यावर परीक्षा घेऊ नका: वाफ आणि पाण्याचा निवणारा पृष्ठभाग आकडा बिघडवतात.

टोक दर वापरानंतर ७० टक्के अल्कोहोलने पुसा आणि वाळू द्या. उकळत्या पाण्यात कधीही घालू नका. गुदद्वारासाठी वापरलेला थर्मामीटर वेगळा ठेवा, त्यावर पक्क्या शाईने खूण करा, तो पुन्हा तोंडात जाता कामा नये.

टाकून द्यायचा ठरला, म्हणजे टोक तडकलं, पडद्याच्या दांड्या मेल्या, तुलनेत फरक निघाला किंवा नवा सेल घालूनही ‘एरर’ जात नसेल, तर आधी सेल काढा, त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि थर्मामीटरसह इलेक्ट्रॉनिक कचऱ्यात द्या. नवा घेतलात की पहिल्याच दिवशी, घरात सगळे बरे असताना, प्रत्येकाचं तापमान एकदा त्याच जागी मोजून लिहून ठेवा. पुढे कधी आकड्याबद्दल शंका आली तर ताडून बघायला तेवढीच नोंद कामाला येते.